जुन्या गुडघ्यांवर भोर आणि राजगड

डॉक्टरांनी मंगलला पुढच्या महिन्यातली तारीख दिली आणि दवाखान्याचा जिना उतरता उतरता ती म्हणाली, "त्याच्या आधी राजगड करायचा."

मंगल म्हणजे माझी बायको. तारीख होती दोन्ही गुडघे बदलण्याची. ज्या जिन्यावर ती हे बोलली तो उतरताना तिनं एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा धरलेला होता.

मी म्हणालो, "ऑपरेशननंतर जाऊ. नव्या गुडघ्यांवर."

"नव्यांवर चढले तर तो गड डॉक्टरांनी चढवला म्हणायचं. मला माझ्या आईबापानं दिलेल्यांवर चढायचाय."

मंगलचं माहेर कामथडी. पुणे-सातारा महामार्गावर नसरापूरच्या पुढे लागतं. त्यांच्या शेतामागच्या टेकाडावर उभं राहिलं की पश्चिमेला राजगडाचा बालेकिल्ला दिसतो. लहानपणी गुरं घेऊन ती त्या टेकाडावर बसायची. रोज बघितला, चढली कधीच नाही. आधी गुरं, मग भातलावणी, मग लग्न, मग माझं दुकान आणि दोन मुलं. आता मुलं आपापल्या कामाला लागली आणि गुडघे गेले.

मी परत वर गेलो आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते हसले. म्हणाले, "पट्टा बांधा, काठी घ्या, सावकाश जा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, ते लक्षात ठेवा. दुखलं की मागं फिरा. नाहीतरी हे गुडघे आता जायचेच आहेत."

तर असा हा बेत ठरला. जे नेहमी वाचतात त्यांना माहीत आहे, पण नव्यांसाठी सांगतो. मी मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या पंपांच्या आणि पंख्यांच्या मोटारींना नवी तार गुंडाळतो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं सगळं, वायरिंगपासून नकाशा वाचण्यापर्यंत, माझं मी शिकलो. त्यामुळे मी जे लिहितो ते स्वतः बघून लिहितो. भोरबद्दल इंटरनेटवर जे सापडतं त्यातलं निम्मं एकमेकांवरून उतरवलेलं आहे. एका ठिकाणी तर भोरला जायला कापूरहोळला डावीकडे वळा असं छापलंय. डावीकडे वळलात तर नारायणपूर-सासवडला पोचाल. पुण्याकडून येताना भोर उजवीकडे, हे आधी लिहून ठेवा.

शनिवारी सकाळी हडपसरहून निघालो. नोव्हेंबर सरत आलेला. भातं निघालेली, शेतांत नुसता खुंट उरलेला आणि खळ्यांवर झोडणी चाललेली. फिरायला हा काळ मला सगळ्यात पटतो. पावसाळ्यात इकडे गर्दी फार, आणि वाटा निसरड्या. उन्हाळ्यात डोंगर भाजून निघतो. आत्ता गवत सोनेरी झालेलं असतं, हवा कोरडी, आणि लांबचं दिसतं.

काठी मी स्वतः बनवली होती. अॅल्युमिनियमचा पाइप, वर सागवानी मूठ, खाली स्टुलाच्या पायाला लावतात तसलं रबर. मुठीची उंची मंगलच्या मनगटाला बरोबर जुळवून घेतली होती. दुकानात मिळणाऱ्या काठ्या एका मापाच्या असतात, माणसं एका मापाची नसतात.

कामथडी आल्यावर मंगलनं काच खाली केली. थांबायचं का, असं मी विचारलं.

"नको. आता गेले तर भाऊ ह्या गुडघ्यांवर जाऊच द्यायचा न्हाई. येताना जाऊ."

बघा, "न्हाई" आलं. कात्रजचा बोगदा ओलांडला की मंगलची बोली हळूहळू माहेरी जायला लागते. कापूरहोळ येईपर्यंत ती पूर्ण पोचलेली असते.

कापूरहोळ ते भोर हा रस्ता गाडी चालवणाऱ्यानं घाईनं संपवू नये. वाटेत नेकलेस पॉइंट लागतो. नदीनं तिथं गळ्यातल्या हारासारखं गोल वळण घेतलंय आणि मधल्या जमिनीवर शेतं आहेत. फोटो काढायला लोक कठड्याबाहेर जातात. कठड्याच्या आतूनही तेच वळण दिसतं, मी दोन्हीकडून बघून सांगतोय. त्या वळणावर मक्याचं कणीस आणि चहा मिळतो. चहा गुळाचा मागा.

भोर हे गाव मला मापात वाटतं. डोंगराच्या कुशीत, नदीकाठी, बाजारपेठ चालत हिंडण्याएवढी. गावात फिरायला गाडी लागत नाही. मंगलच्या गुडघ्यांची चाचणी म्हणून आम्ही गाडी लॉजवर ठेवली आणि पायी निघालो. लॉज बसस्टँडपासून जवळ, खोली तळमजल्यावरची मागून घेतली. स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीनं. बाराशे रुपये, कमी करा म्हटलं तर हजार.

राजवाड्यासमोर पांढऱ्या मोठ्या गाड्या उभ्या होत्या आणि जाड केबली रस्त्यावरून आत गेलेल्या. शूटिंग. एका पोरगेल्या रक्षकानं आम्हाला हात दाखवून थांबवलं.

"काका, आत न्हाई जाता येणार. शॉट चालूए."

"कसलं शूटिंग?"

"ते आमाला बी सांगत न्हाईत. मागच्या आठवड्यात राजा व्हता, ह्या आठवड्यात पोलीस हाय. वाडा तोच."

शेजारी भाजीची गाडी लावलेल्या बाई मान न वळवता म्हणाल्या, "आमी तर आता मागं वळून बी बघत न्हाई. मेथी घ्या, ताजी हाय."

वाडा बाहेरून तासभर बघितला. आत जायचं असेल तर आधी चौकशी करून परवानगी काढा, आणि शूटिंग नसलेला दिवस धरा. बाहेरूनही बघण्यासारखं पुष्कळ आहे. मला ओळीनं बसवलेल्या खिडक्या आवडल्या. मंगलला केबली ओलांडायची चिंता. मी मात्र त्या केबलींचे जोड बघत होतो. दोन ठिकाणी नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली होती. रक्षकाला दाखवलं. तो म्हणाला, "काका, तुमी इलेक्ट्रिशियन का?" मी म्हणालो, "त्याच्या पुढचा." मंगलनं मला दंडाला धरून पुढे नेलं.

दुपारी अंबवड्याला गेलो. भोरपासून जवळ आहे, रस्ता बरा. तिथं ओढ्यावर जुना झुलता पूल आहे. संस्थानच्या काळातला. तारांना टांगलेला, आणि चालायला लागलं की पायाखाली सावकाश हलतो. तार पुलाच्या टोकाला जमिनीत कशी अडकवली आहे ते बघायला मी खाली वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो. एवढ्या वर्षांत त्या तारा सैल पडलेल्या नाहीत, याचं कारण टोकाच्या दगडी बांधकामात आहे. तुम्ही गेलात तर पूल ओलांडायच्या आधी ते टोक बघा. सगळे मधोमध जाऊन सेल्फी काढतात.

वर बघितलं तर मंगल एकटीच पुलाच्या पलीकडे जाऊन पोचली होती. काठी हातात, पण टेकवलेली नव्हती. तिथनं ओरडली, "हलणाऱ्या पुलावर बरं वाटतंय गुडघ्याला! राजगडाला बी असाच पूल टाका म्हणावं!"

रात्रीचं जेवण बाजारपेठेतल्या खाणावळीत. मंगलचा शनिवार असतो म्हणून तिनं पिठलं-भाकरी घेतली, मी मटण. तांदळाची भाकरी मऊ, रस्सा तिखट, भात इंद्रायणी. मालकांना मी विचारलं, तांदूळ नवा की जुना? ते म्हणाले, "जुना. नवा आत्ता आलाय, पर तो चिकट व्हतो. चार महिनं थांबावं लागतं." इंद्रायणी विकत घ्यायचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा. नवा घ्यायला हरकत नाही, पाणी कमी घाला.

झोपताना मंगलनं दोन्ही गुडघ्यांना तेल चोळलं. म्हणाली, "उद्या एवढं एक काम करा. मग तुमी मोकळे." मला वाटलं माझ्याशी बोलतेय. ती गुडघ्यांशी बोलत होती.

रविवारी पहाटे निघून परत कापूरहोळ, मग महामार्गानं पुण्याच्या दिशेनं चेलाडी फाटा, तिथनं डावीकडे नसरापूर आणि वेल्ह्याचा रस्ता. मार्गासनीला फाटा फुटतो, तिथनं साखरवरून गुंजवणे. शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली तर आपणच कडेला घ्यायचं. उजेडात जा. डाव्या-उजव्या हाताला डोंगर उठत जातात आणि मधूनच राजगड समोर येतो, मग वळणाआड जातो. मंगल प्रत्येक वेळी मान वाकडी करून त्याला परत शोधत होती. "कामथडीहून एवढासा दिसायचा," ती म्हणाली आणि बोटाचं पेर दाखवलं.

गुंजवण्यात एका घरासमोर गाडी लावली. पार्किंगचे पन्नास. जेवण हवं असेल तर चढायच्या आधी सांगायचं, किती पानं ते. दीडशे रुपये पान. आम्ही दोन पानं सांगितली. बाईंनी विचारलं, "पाली दरवाजानं उतरणार का हितनंच?"

बेत असा होता. चढायचं गुंजवण्यातून चोर दरवाजानं, कारण ही वाट जवळची. उतरायचं पाली दरवाजानं. ती वाट लांबची, पण पायऱ्या रुंद, खालपर्यंत ऐसपैस. पालीतून एक जीप ठरवली होती, ती आम्हाला वळसा घालून गुंजवण्यात आणून सोडणार होती. उतरताना गुडघ्यावर जास्त भार, डॉक्टरांचं वाक्य धरून मी हे आखलं होतं. गुडघ्याचा त्रास असलेल्या सगळ्यांना मी हाच बेत सांगेन.

शेवटची भातखाचरं संपली आणि वाट चढायला लागली तिथंच काठीनं दगा दिला. खालचं रबर कधी गळून पडलं कळलंच नाही. नुसता पाइप कातळावर टेकवला की सरकत होता. एकदा सरकला तेव्हा मंगल खाली बसली. लागलं नाही, पण तिचा चेहरा उतरला.

"संपलं का?" ती म्हणाली. "हितंच?"

मी आजूबाजूला बघितलं. बांधावर बारकी झुडपं. वाटेच्या डाव्या अंगाला मात्र गर्द झाडी, एका मापात थांबलेली, जणू कुणी हद्द आखून दिली आहे. देवीची राई. भोर-वेल्ह्याच्या बऱ्याच गावांना अशी राई असते, देवीच्या नावानं राखलेली. तिथं काही तोडायचं नाही हे मला माहीत होतं. बूट काढून आत जायचं हेही माहीत होतं. मी बूट काढले.

आत बाहेरच्यापेक्षा निराळी हवा होती. थंड, आणि ओल्या पाल्याचा वास. मांडीएवढे जाड वेल झाडावरून झाडावर गेलेले. गारंबी. तिच्या शेंगा हातभर लांब असतात आणि खोडाला दोरासारखा पीळ असतो. दगडाच्या देवीला मी नमस्कार केला. मागं वळलो तर पाल्यात गारंबीचा एक वाळका तुकडा पडलेला. खांद्याएवढ्या उंचीचा, सरळ, अंगभर पीळ, आणि वरच्या टोकाला मुठीत बसेल अशी गाठ. तारेला पीळ घालण्यात माझी हयात गेली आहे. असा पीळ दिसल्यावर हात जाणारच. तोडला नाही, पडलेला उचलला.

"कुठनं आणली?" मंगलनं विचारलं.

"पडलेली होती."

तिनं टेकवून बघितली. लाकूड कातळावर पकड घेत होतं. ती उठली आणि चालायला लागली. पाइपची काठी मी पाठीवरच्या पिशवीला बांधली.

चढ कसा आहे ते नीट सांगतो. पहिला टप्पा झाडीतून, मग डोंगराची उघडी सोंड, मग परत झाडी, आणि शेवटी कातळ. कातळात पाऊल टेकण्यापुरत्या पावठ्या खोदलेल्या आहेत आणि लोखंडी कठडा लावला आहे, तरी पाऊल बघून टाका. धडधाकट माणसाला अडीच-तीन तास. आम्हाला किती लागले ते लिहीत नाही, कारण मी घड्याळाकडे बघितलं की मंगल रागवायची. दर टप्प्यावर ताक-सरबत विकणाऱ्या बाया भेटतात. पोरांचा एक घोळका गाणी लावून आम्हाला मागं टाकून गेला. त्यातला एक ओरडला, "काकू, काठी एक नंबर!" मंगलनं काठी उंचावून दाखवली.

पुढे कातळ लागला. एक हात कठड्यावर, एका हातात काठी. आधी बरा पाय वर, मग दुसरा. मी खालून तिच्या टाचेखाली हात धरून होतो. मग चोर दरवाजा आला. नावाप्रमाणे बारका, वाकून आत शिरावं लागतं. मंगल वाकून शिरली.

मी मागोमाग गेलो. समोर पद्मावतीचं तळं होतं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि रडत होती.

"पोचले," ती म्हणाली. एवढंच.

बालेकिल्ला आम्ही केला नाही. केला असं लिहिणाऱ्यातला मी नाही. माचीवर हिंडलो, पद्मावतीच्या देवळात टेकलो, मग पूर्वेच्या कडेला गेलो. खाली धरणाचं पाणी, खाचरांचे तुकडे, लांबवर धुरकट महामार्ग. त्याच्यापलीकडची एक पुसट टेकाडांची रांग मंगलनं दाखवली. "त्यातलं एक आमचं. तिथनं मी हितं बघायची."

देवळाजवळ सुमनबाई ताक विकत होत्या. पन्नाशीच्या, गुंजवण्याच्याच. ताकाची किटली, दह्याची गाडगी, काकडी, हे सगळं पाटीत घालून डोक्यावरून रोज वर आणतात. मंगल शेजारी टेकली आणि दोघींचं लगेच जुळलं.

"माहेर कुठलं म्हनायचं?"

"कामथडी."

"मग आमच्यातल्याच की! आन् गड आत्ता बघताय व्हय? लई घाई केली."

मंगल हसली. "गुडघं बदलायचेत. म्हणून आले."

"बदलून मिळत्यात व्हय? मग मला बी एक जोड सांगा." असं म्हणत त्यांनी ताकाचा पेला पुढे केला, आणि त्यांची नजर काठीवर थांबली. हसणं गेलं.

"ही कुठं घावली?"

मंगल माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, खाली राईत, पडलेली होती, तोडलेली नाही.

"गारंबी हाय ही. राई सोडून कुठंच न्हाई हिकडं." त्या मला काही बोलल्या नाहीत, मंगलला म्हणाल्या, "ताई, तुमी कामथडीची लेक. राईतलं लाकूड हातात धरलं?"

मंगलनं काठी हातातून खाली ठेवली, जणू तापलेली होती. "मला सांगायचं की हो," ती मला म्हणाली. "मी इचारलं व्हतं ना?"

मी म्हणालो, "तोडायचं नसतं हे माहीत आहे मला. ही तर मेलेलीच होती. तिथं कुजून गेली असती."

"तेच तर तिचं काम," सुमनबाई म्हणाल्या. "राईतली काडी राईतच कुजायची. आमच्यात सरपनाला काटकी न्हाई की लग्नाच्या मांडवाला डहाळा न्हाई. हितलं हितं."

मंगलनं ताकाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मग माझं चढणं धरायचं का न्हाई?"

मला वाटतं त्या प्रश्नावर तिचा सगळा दिवस उभा होता. सुमनबाईंनाही ते कळलं असावं. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि सावकाश म्हणाल्या, "धरायचं की. पाय तुमचंच व्हतं. आन् काठीचं म्हनाल तर ती बी कदी राईच्या भाईर गेली नव्हती. गड बघून आली. आता घरी न्या तिला, झालं."

नेण्याची रीत मात्र होती, ती सुमनबाईंनी सांगितली. ज्यानं उचलली त्यानंच न्यायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, आणि परतीच्या वाटेवर तिच्यावर भार टाकायचा नाही.

मी लगेच तोडगा काढला. मंगलनं ठरल्याप्रमाणे पाली दरवाजानं उतरायचं, रुंद पायऱ्यांनी, त्या वाटेला माणसं पुष्कळ, खाली जीप. मी एकटा काठी घेऊन चोर दरवाजानं उतरतो, राईत ठेवतो, गुंजवण्यात भेटू. यात चूक काढून दाखवा.

"न्हाई," मंगल म्हणाली. "उचलली तुमी, टेकवली मी. मी बी येते."

"काठीशिवाय? त्या कातळावरून?"

"आईबापानं काठीसकट न्हाई दिले मला गुडघे."

 जीपवाल्याला फोन करून बेत बदलल्याचं सांगितलं. त्यानं अर्धे पैसे तरी पाठवा म्हटलं, पाठवले. रास्त होतं.

सुमनबाईंनी किटली रिकामी झाल्यावर पसारा आवरला. त्यांना त्याच वाटेनं घरी जायचं होतं. निघताना त्यांनी डोक्यावरची चुंबळ सोडली. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल वळकटी. उलगडली तर लांबलचक पट्टी निघाली. ती त्यांनी मंगलच्या जास्त दुखऱ्या गुडघ्याला, पट्ट्याच्या वरून, आवळून बांधली. "दिसभर माझ्या डोक्याला आधार, आता तुमच्या पायाला." रिकामी पाटी त्यांनी काखेत मारली.

कातळावर त्यांनी मंगलला तोंड फिरवायला लावलं. म्हणजे दरीकडे पाठ आणि डोंगराकडे तोंड, शिडी उतरतो तसं. "खाली बगू नगा. खालचं मी बगते. तुमी दगड बगा." त्या खाली उभ्या राहून मंगलचं पाऊल हातानं धरून पावठीत ठेवत होत्या. मी वर. एका हातात कठडा, एका हातात काठी, आणि काठी कुठंही टेकवायची नाही. खरं सांगतो, हातात काठी असताना ती न टेकवता उतरणं हे काठी नसताना उतरण्यापेक्षा अवघड आहे. दर पावलाला हात आपोआप खाली जातो.

मध्ये एकदा मंगलचा पाय लटपटला आणि ती कठड्याला दोन्ही हातांनी बिलगली.  मग तिनं विचारलं, "सुमनताई, अजून हाय का वो?"

"हाय थोडं. गाणं म्हना एखादं."

"दम कुठाय?"

"मग शिव्या घाला नवऱ्याला. त्याला दम लागत न्हाई."

मंगल हसली, आणि हसता हसता तिनं पुढचं पाऊल खाली टाकलं. त्यानंतर सगळा कातळ उतरेपर्यंत मी काय काय ऐकलं ते इथं लिहीत नाही. काठीपासून सुरुवात झाली आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापर्यंत गेली. सोंडेवर आलो तेव्हा दोघी थांबून पोट धरून हसत होत्या.

राईशी पोचलो तेव्हा उन्हं कललेली होती. मंगल आणि सुमनबाई हद्दीवर थांबल्या. मी बूट काढून आत गेलो. कुठंही नुसती ठेवून देणं माझ्या स्वभावात नाही. सकाळी जिथनं उचलली ती जागा मी शोधली. सापडली. पाल्यात काठीच्या आकाराची खाच तशीच होती, तिच्यात पांढरी बुरशी आणि बारके किडे. काठीच्या एका अंगाला तीच बुरशी लागलेली होती. म्हणजे ते अंग खाली. मी पीळ जुळवून, तेच अंग खाली करून, ती खाचेत ठेवली. बरोबर बसली. मोटारीत गुंडाळी बसते तशी.

बाहेर आलो तर सुमनबाईंनी विचारलं, "ठिवली?"

"होती तशीच."

"मंग झालं." विषय संपला. त्यांनी चुंबळ सोडून मागितली नाही. मंगलनं ती स्वतः सोडली, घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या पाया पडायला वाकायला लागली. सुमनबाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. "वाकू नगा, वाकू नगा. त्ये नवीन आल्यावर."

तिथनं गावापर्यंत मंगल काहीही न धरता चालली. आमची दोन पानं झाकून ठेवलेली होती. भाकरी गार झाली होती, बाईंनी पिठलं परत गरम करून दिलं. पिठल्याबरोबर खर्डा आणि कांदा. आयुष्यातलं उत्तम जेवण वगैरे मी म्हणणार नाही, पिठल्यात मीठ जरा जास्त होतं. पण मंगलनं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

येताना चेलाडी फाट्यावरून थोडं साताऱ्याच्या बाजूला वळून कामथडीला थांबलो. भाऊ ओरडला, अपेक्षेप्रमाणे. मंगल त्याला म्हणाली, "जाऊ दे. आता हितनं बघताना मला म्हाईत हाय तिथं काय हाय."

हडपसरला आल्यावर दोन दिवस तिचे गुडघे सुजले होते. बर्फानं शेकले, सूज उतरली. ज्यांना असा बेत करायचा आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि उतरायला पाली दरवाजाच धरावा. आमचं उदाहरण घेऊ नका. काठीला दोन रबरं जास्तीची ठेवा. मी आता आरपार खिळा मारून रबर बसवलं आहे, ते निघणार नाही. काठी दाराशी उभी आहे, ऑपरेशननंतर लागेल.

काल रात्री मंगल सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. मी हा मजकूर टाइप करत होतो. ती म्हणाली, "अहो, तुमाला सगळं म्हाईत असतं. काढलेले गुडघे कुठं ठेवतात?"

मी यावर वाचलेलं होतं. म्हणालो, "अख्खा गुडघा काढत नाहीत. हाडांची झिजलेली टोकं तेवढी कापून घेतात आणि त्यावर धातू बसवतात."

"ती टोकं. ती कुठं जातात?"

"दवाखान्याची वेगळी भट्टी असते. तिथं जाळतात."

तिनं आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग दोन्हींवर एकेक हात ठेवला.

"मग त्यांना गड दाखवून आणला ते बरं झालं," ती म्हणाली.